पराजिताचा रणगाडा

1945 सालीं जर्मनी शरण आला, तेव्हां चार वर्षांच्या पारतंत्र्यानें फ्रान्सचे रणगाड्यांचे कारखाने खिळखिळे झाले होते. सबब हातीं लागलेले शत्रूचे सुमारें 50 ‘पँथर’ रणगाडेच फ्रेंच सैन्यानें, मुख्यतः त्याच्या 503 व्या पलटणीनें, वापरावयास घेतले. गरजवंतास अक्कल नसते म्हणतात. फ्रेंचांनीं मात्र या धनाची परीक्षा कसून केली. पट्ट्यांना गति देणारें शेवटचें दंतचक्र सरासरी 150 किलोमीटरांतच निकामी होतें, असें त्यांच्या 1947 च्या अहवालांत नमूद आहे. आणि सुटे भाग पुरविणारा शत्रूच बुडालेला! आमच्या मतें खरी लूट तोफेचीच. ‘एएमएक्स-13’ या फ्रेंच रणगाड्याची 75 मिलिमीटर तोफ तिच्याच वळणावर घडली. आणि 1962 सालीं हेच फ्रेंच रणगाडे आपल्या सैन्यानें विमानांतून लडाखांत चुशूलला नेले.