पुण्यात समुद्र आणायचा म्हणजे…

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी सगळं तेच.

सुरुवात एका कबुलीने करते. मागच्या नोव्हेंबरमध्ये मी तीन मासे मारले. दोन निळे डॅमसेल आणि एक क्लाउनफिश, तोच तो नारिंगी-पांढरा, 'निमो'वाला. नऊ दिवसांत तिन्ही गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, मीठ बरोबर होतं, तापमान बरोबर होतं. मी सगळे आकडे एक्सेलमध्ये लिहून ठेवत होते, इंजिनिअर आहे शेवटी. आमची आजी मूळची रत्नागिरीकडची. तिने टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "मीठ घालून ठेवलेल्या माशाला आम्ही खारा मासा म्हणतो गो. तो जिवंत नसतो."

हसले मी, पण झोंबलं. दुकानदार म्हणाला होता, "ताई, दोन दिवस पाणी फिरवा, मग बिनधास्त मासे टाका." मी तसंच केलं होतं. मग चुकलं कुठे? ते शोधताना मी जी गोष्ट वाचत गेले ती पावणेदोनशे वर्षांची निघाली, आणि आजचा भाग तिच्यावर आहे.

आधी आपली अडचण समजून घ्या. पुणे समुद्रापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्री मासे पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या मुंबई सहलीत, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं. बांधायला आठ लाख रुपये लागले, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, म्हणून ते नाव. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन काचेसारख्या ॲक्रिलिकचा बोगदा आला, पुढे कोविडच्या काळात ते बंद झालं. माझी सहल त्या बोगद्याच्या आधीची. मला तिथला अंधार आणि ओलसर वास आठवतो. आता लक्षात येतं की त्या जागेची खरी श्रीमंती काचेच्या पेट्या नव्हत्या. रस्ता ओलांडला की समोर अख्खा अरबी समुद्र होता.

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटसमोर रस्ता ओलांडला की पीएमटीचा स्टॉप आहे. मित्र म्हणाला, कॅन भरून अलिबागहून आणू. माझी टाकी दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे साधारण 56 लिटर. ही समुद्राच्या हिशोबात अगदीच लहान, पण एकदा भरून भागत नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं. दर शनिवारी घाट उतरणार का?

हाच प्रश्न 1846 मध्ये लंडनमध्ये एका बाईला पडला होता. ॲना थिन तिचं नाव. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या पदावरचा धर्मगुरू. सुट्टीत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेली. तिथे खडकांत तिला जिवंत प्रवाळ दिसले. छोटेसे, फुलासारखे उमलणारे, पण प्राणी. ते लंडनला न्यायचे असं तिने ठरवलं. कसे नेले, तर एका स्पंजवर सुई-दोऱ्याने शिवून, दगडी बरणीत, समुद्राच्या पाण्यात. हिंदकळून एकमेकांवर आपटू नयेत म्हणून शिवले. मला हे इतकं आवडलं! आपल्याकडची कुठलीही मावशी प्रवासात लोणच्याची बरणी अशीच बांधून नेते.

लंडनमध्ये पोचल्यावर खरा प्रश्न. पाणी मोजकंच, आणि समुद्र लांब. पाणी शिळं झालं की प्रवाळ मरणार. मग बाईंनी काय केलं, तर मोलकरणीला रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीजवळ उभं करून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावलं. वरून, धार धरून. आपण चहा गार करतो तसं. पाण्यात हवा मिसळावी हा उद्देश. आज माझ्या टाकीतला एअर पंप जे करतो ते 1846 मध्ये एका मोलकरणीचे हात करत होते. तिचं नाव मला कुठे सापडलं नाही, याची थोडी चीड येते. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवलं, आणि पहिली टिकाऊ समुद्री टाकी तयार झाली. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले, त्यांना पिल्लंही झाली.

यानंतर फिलिप हेन्री गॉस येतो. निसर्ग अभ्यासक, भयंकर धार्मिक, आणि लिहिण्यात वाकबगार. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा हात होता. 1854 मध्ये त्याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरात गेला. त्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने खोट्या समुद्राची कृती दिली. चार क्षार: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. हे ठरावीक मापाने गोड्या पाण्यात विरघळवा, झाला समुद्र.

आज मी जी मिठाची पिशवी विकत आणते ती याच कृतीची पणती आहे. घटक आता बरेच जास्त, कॅल्शियमही असतं, पण कल्पना तीच. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला दोन किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, आणि नळाचं पाणी थेट वापरायचं नाही, आरओचं घ्यायचं. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीत एक थेंब टाकून आकडा बघायचा, 1.025 आला की बस.

गॉसच्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लागलं. दिवाणखान्यात समुद्र ठेवणं ही फॅशन झाली. आणि थोड्याच वर्षांत ओसरली. का? कारण लोकांचे मासे मरत होते. पाणी स्वच्छ, मीठ बरोबर, तरी मरत होते. ओळखीचं वाटतंय ना?

उत्तर सापडलं, पण माशांच्या टाकीत नाही. ते सापडलं गटारात.

1877. पॅरिसच्या सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न होता. श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक मीटर लांब काचेची नळी घेतली, वाळू आणि चुनखडीने भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडत राहिले. सांडपाण्यात अमोनिया असतो. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही, जसा अमोनिया वरून गेला तसाच खाली आला. मग अचानक खाली नायट्रेट दिसायला लागलं आणि अमोनिया गायब. ही जर नुसती रसायनाची करामत असती तर पहिल्या दिवसापासून झाली असती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. प्रक्रिया ठप्प! क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी सुरू होईना. शेवटी ताज्या मातीचं धुवण वरून ओतलं, आणि काही दिवसांत परत चालू. म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत राहत होतं. ते जिवाणू नेमके कोण, हे 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवलं.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते आणि मला माझे तीन मासे आठवले. मासा श्वासातून, विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया विष आहे, दिसत नाही. जिवाणूंची एक टोळी त्याचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी टोळी त्याचं नायट्रेट करते, जे त्या मानाने बरंच सौम्य. या टोळ्या वाळूवर, दगडांवर, फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती वाढायला आठवडे लागतात. त्यात समुद्राचं पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या थोडा वर. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो. म्हणून गोल्डफिशच्या अनुभवावर समुद्री टाकी करायला गेलेला माणूस हमखास फसतो. माझ्या एक्सेलमध्ये सगळे कॉलम होते, फक्त अमोनियाचा नव्हता. मॉनिटरिंग लावलं, पण चुकीच्या सर्व्हरवर.

दुसऱ्या वेळी मी मासे आणलेच नाहीत. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहिले. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना जेवण मिळतं. घरचे मला वेडी समजायला लागले, मासे नाहीत आणि खाद्य घालतेय! टेस्ट किटवर आधी अमोनिया चढला, मग उतरला आणि नायट्राइट चढलं, मग तेही उतरलं. 38 दिवस. श्लोसिंगबुवांच्या वीस दिवसांची मला रोज आठवण यायची.

आता गोष्टीतला अवघड भाग. ही वस्ती लवकर बसावी यासाठी एक सोपा मार्ग आहे, 'लाइव्ह रॉक'. 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात लिहिलं, की प्रवाळाच्या रांगेतले जिवाणूंनी भरलेले दगड उचलून टाकीत ठेवा, बारीक बुडबुडे सोडा, ऊन येऊ द्या, आणि निसर्गाला काम करू द्या. पद्धत जबरदस्त होती. जगभर नंतर तीच पसरली.

फक्त ते दगड कुठून येतात, हा प्रश्न राहतो. त्याचं उत्तरही गॉसच्या घरात आहे. त्याचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये 'फादर अँड सन' हे आत्मकथन लिहिलं. त्यात तो सांगतो, की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली किनाऱ्यावरची सुंदर खडकाळ डबकी पुढे उजाड झाली. वडिलांचीच पुस्तकं वाचून लोकांच्या झुंडी आल्या आणि ओरबाडून घेऊन गेल्या. वडिलांना त्याचं फार दुःख झालं, असंही तो लिहितो. ज्याने समुद्रावर सगळ्यात जास्त प्रेम केलं, त्याच्याच पुस्तकाने ते झालं.

आपल्याकडे 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. प्रवाळाचा नुसता सांगाडासुद्धा चालत नाही. तरी मला फोनवर फोटो आले. "ताई, जिवंत पीस आहे, पॅकिंग गुपचूप करून देतो." खरं सांगू? मोह झाला. जांभळट हिरवा रंग होता त्याचा, निळ्या लाइटखाली चमकत होता. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. 'नको' म्हणायला दोन दिवस लागले, हे मला आवडलं नाही.

त्या दोन दिवसांत मालवण आठवत होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात आपलेही प्रवाळ आहेत, 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. कॉलेजच्या ट्रिपला मी तिथे स्नॉर्केलिंग केलं होतं. पाणी गढूळ, दिसलं थोडंसंच, पण दिसलं.

तर माझ्या टाकीत दगड म्हणून सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे आहेत, भाजलेल्या विटेसारखे. दिसायला सामान्य. पाहुणे विचारतात, "हे काय, बांधकाम चालू आहे का?" चार महिन्यांनी त्यांच्यावर गुलाबी-जांभळा थर यायला लागलाय, तेव्हापासून जरा कमी विचारतात.

आणि मासे? दोन क्लाउनफिश, दोन्ही हॅचरीत जन्मलेले. हे आता आपल्याकडे जमतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन केव्हाच साधलंय, आणि नवी मुंबईत ऐरोलीला, खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रातही त्यांची हॅचरी उभी राहिली. विकत घेताना विचारा: टँकमध्ये वाढलेला आहे की समुद्रातून पकडलेला? दुकानदार गडबडला तर निघून या. क्लाउनफिशची गंमत अशी, की सगळे नर म्हणून जन्मतात, आणि जोडीतला मोठा मादी होतो. आमच्याकडे कोण बाई होणार याचा निकाल अजून लागायचा आहे. आजीने पैज लावली आहे.

एप्रिलमध्ये टाकी 31 अंशांवर गेली. चिलर परवडत नाही, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर लावला. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून भर घालताना गोडं पाणी घालायचं, खारं नाही. पहिल्या आठवड्यात मी उलटं केलं होतं, तो किस्सा नंतर कधीतरी. आणि लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा. नाहीतर घरातल्या कोणाला तरी ॲना थिनच्या मोलकरणीसारखं मग घेऊन टाकीजवळ बसावं लागेल. मागच्या गुरुवारी दीड तास मी बसले होते.

चला, पाण्याची रेघ अर्धा इंच खाली गेलेली दिसतेय, भर घालायला उठते. भेटू पुढच्या रविवारी.