मंगळाचे ध्रुवीय बर्फ आणि प्रवरेचा पाट

सप्टेंबर १८७७. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता आणि मिलानमध्ये जोव्हान्नी स्किआपारेल्ली त्याचा नकाशा रेखाटत होते. त्याच वर्षी अहमदनगर जिल्हा दुष्काळात होरपळत होता. १८७६ चा पाऊस गेला होता आणि दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कामावर भुकेली माणसे माती वाहत होती.

दोन्ही घटनांचा थेट संबंध काहीच नाही. पण मंगळाबद्दल पुढे जी कल्पना रुजली, ती दुष्काळ आणि कालव्यांच्या या युगातच रुजू शकत होती.

मंगळाच्या ध्रुवांवरील पांढरे डाग ऋतूंप्रमाणे वाढतात-घटतात, म्हणजे ते बर्फ असावे, असे विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्येच मांडले होते. स्किआपारेल्लींना पृष्ठभागावर रेषा दिसल्या. त्यांनी शब्द योजला ‘कानाली’. इटालियनमध्ये तो नैसर्गिक प्रवाहमार्गालाही चालतो. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कालवे’ झाले. आणि कालवा म्हटला की तो खोदणारा आलाच! अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९५ च्या पुस्तकात चित्र पूर्ण केले: ग्रह कोरडा पडतो आहे आणि तेथील रहिवासी ध्रुवीय बर्फाचे पाणी कालव्यांनी शेतांपर्यंत आणत आहेत.

सुएझ कालवा १८६९ चा. दुष्काळावर उपाय म्हणून सरकारही धरणे-कालव्यांकडे वळत होते. लॉवेल मंगळावरचे कालवे मोजत असतानाच, १९१० मध्ये, प्रवरेवर भंडारदरा धरणाचे काम सुरू झाले. ते १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांवर ऊस उभा राहिला.

लॉवेलना सर्वांत चोख उत्तर दिले आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी, १९०७ मध्ये. उघड्या वाळवंटातून एवढ्या लांब नेलेले पाणी वाटेतच आटेल, मुरेल, हा त्यांचा एक आक्षेप होता. पाटाच्या टेलला शेती असणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

१९६५ मध्ये मरिनर-४ ने छायाचित्रे पाठवली. त्यांत कालवे नव्हते. १९६९ मध्ये मरिनर-७ ला दक्षिण ध्रुवावर गोठलेला कार्बन डायऑक्साइड आढळला. पाण्याचे बर्फ त्याखाली आहे, आणि थोडेथोडके नाही. ते सारे वितळले तर संपूर्ण मंगळावर सुमारे ११ मीटर पाणी उभे राहील, असा २००७ चा रडार-अभ्यास सांगतो. मात्र तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पाटात सोडलेले पाणी तेथे टिकणार नाही.