मौझल येथील घर : उपयोग, भाडेव्यवहार व अर्थपालट

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगण्यात माउंट्स बे हा उपसागर असून त्याच्या पश्चिम काठावर मौझल हे मच्छीमारांचे लहानसे गाव वसलेले आहे. गावाच्या नावाचे इंग्रजी लेखन ‘उंदराचे बीळ’ अशा अर्थाचे दिसते. उच्चार मात्र मौझल असाच होतो. कॉर्निश भाषेत ह्याच गावास पोर्थेनिस, म्हणजे ‘बेटाचे बंदर’, असे नाव होते. बंदरासमोरील सेंट क्लेमेंट्स बेट हे त्या नावाचे कारण होय. ह्या किनाऱ्यावरील अनेक घरे आज ‘मच्छीमाराचे कॉटेज’ ह्या वर्णनाने सुट्टीकरिता आठवड्याच्या भाड्याने दिली जातात. ह्या वर्णनातील दोन्ही पदांचा मूळ अर्थ त्या व्यवहारात उरलेला नाही. तो कसा गेला आणि त्याबद्दल गावास कोणते मोल द्यावे लागले, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराचे घर हे केवळ निवासस्थान नव्हते. होडी व जाळे ह्यांच्याप्रमाणेच ते धंद्याचे एक साधन होते. तळमजल्यावर ‘सेलर’ असे. हा इंग्रजी शब्द सामान्यतः तळघराचा वाचक असला, तरी येथे त्याचा अर्थ मासे खारवण्याची जागा असा होता. आपल्याकडील तारलीच्या कुळातील पिलचर्ड हा मासा तेथे मिठाच्या थरांत काही आठवडे रचून ठेवीत. नंतर तो पिंपांत भरून दाबीत, आणि गळणारे तेल दिव्यांकरिता विकीत. खारवलेला माल मुख्यतः इटलीस जाई. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने तेथे त्यास मोठी मागणी असे. हे खारवण्याचे काम बहुतांशी स्त्रियांच्या हाती होते. वरच्या मजल्यावर कुटुंब राही आणि माळ्यावर जाळी व शिडे ठेवीत. ती कुजू नयेत म्हणून त्यांना ‘कच’ नामक द्रव्याच्या उकळत्या पाण्यात बुडवीत. हे द्रव्य हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथून जाणारा, आपल्या विड्यातला कातच होय.

माशाच्या नावातही ह्या व्यापाराची खूण राहिली आहे. कॉर्नवॉलमध्ये खारवलेल्या पिलचर्डला ‘फेअर मेड’, म्हणजे शब्दशः ‘सुंदर कुमारी’, म्हणत. धुरी दिलेल्या माशाचा वाचक जो ‘फुमादो’ हा स्पॅनिश शब्द, त्याचे हे लोकव्युत्पत्तीने बनलेले रूप आहे. धुरी देण्याची रीत मागे पडली, शब्द मात्र नव्या वेषात टिकला. वस्तू गेल्यावर शब्द मागे राहतो, हा नियम घराच्या बाबतीत पुढे अधिक कठोरपणे प्रत्ययास आला.

२

१८५९ मध्ये ब्रुनेलने बांधलेला टेमर नदीवरील पूल खुला झाला आणि १८६७ पासून लंडनहून पेन्झन्सपर्यंत थेट आगगाडी धावू लागली. पेन्झन्सपासून मौझल तीनएक मैलांवर आहे. ह्या आगगाडीने प्रथम ताजी मासळी लंडनच्या बाजारात पोहोचविली, आणि परतीच्या वाटेने पाहुणे आणले. १८८४ मध्ये स्टॅनहोप फोर्ब्स हा चित्रकार शेजारच्या न्यूलिन गावी आला व तेथे चित्रकारांची एक वसाहतच उभी राहिली. कोळ्यांचे कष्टमय जीवन हा चित्रांचा विषय झाला. त्यायोगे ते प्रेक्षणीयही ठरले.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०४ मध्ये ‘कॉर्निश रिव्हिएरा’ ह्या नावाची जाहिरात आरंभिली, आणि १९०६ पासून निवासस्थानांचे पत्ते देणारी ‘हॉलिडे हॉन्ट्स’ ही वार्षिक पुस्तिका प्रसिद्ध होऊ लागली. पिलचर्डचे थवे विरळ होत चालले असता उन्हाळ्यात एखादी खोली भाड्याने देणे हा कोळी कुटुंबास आधार होता. पाहुण्यांना दर्शनी खोल्या द्याव्यात, आपण मागे सरकावे, आणि शिशिरात पुन्हा सारे घर आपले व्हावे, अशी ती रीत होती. येथे भाडे धंद्यास पूरक होते. घरधनीण घरातच होती. १९३८ च्या पगारी रजेच्या कायद्याने, आणि पुढे युद्धोत्तर काळातील मोटारगाड्यांच्या प्रसाराने, हा ओघ वाढला. खोली देण्याच्या जागी संपूर्ण घर देण्याची पद्धत रूढ झाली, आणि संपूर्ण घर देणारा पुष्कळदा गावाबाहेरचा मालक असू लागला. ह्या इतिहासातील खरा सांधा हाच होय.

३

ह्या सांध्यावर शब्दांचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. ‘कॉटेज’ म्हणजे मुळात अल्पभूधारक मजुराची झोपडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सधन वर्गाने हौसेने बांधलेल्या ग्रामीण घरांसही ते नाव मिळू लागले आणि दारिद्र्याचा वाचक शब्द रम्यतेचा वाचक झाला. ‘सेलर’, ‘नेट लॉफ्ट’, ‘सेल लॉफ्ट’ ही कामाच्या जागांची सामान्यनामे आता सुट्टीच्या घरांच्या पाट्यांवर विशेषनामे म्हणून झळकतात. सामान्यनाम विशेषनाम झाले, की त्या वस्तूचा रोजचा उपयोग संपला असे बहुधा समजावे.

स्थानिकांच्या बोलीत पाहुण्यास ‘एमेट’, म्हणजे मुंगी, म्हणतात. हा शब्द कॉर्निश असल्याची समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः तो जुन्या इंग्रजीतून आलेला असून कॉर्निशमध्ये मुंगीस ‘मोर्यन’ म्हणतात. परक्याला दूर ठेवण्यासाठी वापरलेला शब्दही परभाषेतलाच निघावा, ह्यात त्या प्रदेशाचा भाषिक इतिहास सामावला आहे.

त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान मौझलचेच आहे. १७७७ मध्ये मृत्यू पावलेली मासळीविक्रेती डॉली पेंट्रीथ ही कॉर्निशची शेवटची भाषक मानली जाते. ते तितकेसे खरे नाही. मौझलच्याच विल्यम बोडिनार ह्या कोळ्याने १७७६ मध्ये डेन्स बॅरिंग्टनला कॉर्निशमध्ये पत्र लिहिले होते, आणि तो १७८९ पर्यंत हयात होता. आपण ही भाषा लहानपणी वृद्धांबरोबर समुद्रावर जाताना शिकलो, असे त्याने त्यात नमूद केले आहे. म्हणजे ह्या माणसाला ती भाषा पाठशाळेने किंवा देवळाने नव्हे, तर होडीने दिली. अठराव्या शतकात भाषा गेली, पण माणसे व धंदा राहिला. विसाव्या शतकात शब्द राहिले, पण त्यांच्यामागची माणसे व धंदा सरला.

४

कायद्याने घराची व्याख्या दिवसांच्या मोजणीने केली. १९८४ च्या वित्त कायद्यान्वये सुट्टीकरिता भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुसज्ज घरास करसवलती मिळाल्या; मुख्य अट अशी, की ते वर्षातून १४० दिवस उपलब्ध असावे व ७० दिवस प्रत्यक्ष भाड्याने जावे. २०१२ पासून हे आकडे २१० व १०५ झाले. उरलेल्या दिवसांत तेथे दिवा लागतो की नाही, हा प्रश्न ह्या व्याख्येच्या बाहेर राहिला. ती व्यवस्था एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यापासून दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर घेण्याची मुभा नगरसंस्थांना मिळाली व कॉर्नवॉलने तिचा अवलंब केला. तत्पूर्वी २०१६ मध्ये जवळच्या सेंट आइव्ह्ज येथील मतदारांनी, नवी घरे केवळ कायम रहिवाशांसाठीच असावीत, असा कौल ८० टक्क्यांहून अधिक मतांनी दिला होता. परंतु हा निर्बंध नव्या घरांपुरता होता. बंदराकाठची जुनी घरे, म्हणजे ज्यांना मच्छीमाराचे कॉटेज म्हणतात तीच, त्यातून सुटली.

रहिवाशाचे मोल कशात आहे, हे १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री दिसले. वादळात सापडलेल्या ‘युनियन स्टार’ जहाजाच्या साहाय्यार्थ ‘सॉलोमन ब्राऊन’ ही जीवरक्षक नौका निघाली. तिच्यावरील आठही स्वयंसेवक मौझलचे होते. नौकेच्या प्रमुखाने एका घरातून एकच माणूस घेतला. दोन्ही नौकांवरील मिळून सोळा जण बुडाले. कोणीही वाचला नाही. १९६३ पासून मौझलच्या बंदरात नाताळची रोषणाई होते. दरवर्षी त्या तारखेस ती तासभर मंद केली जाते. हिवाळ्यातील त्या रात्री हाकेसरशी धावून येणारी माणसे गावात होती, कारण गावातील घरांत ती राहत होती. एका घरातून एकच माणूस घेण्याचा तो निर्णयदेखील घरात कुटुंब आहे, हे गृहीत धरूनच होऊ शकला.

कोकण किनाऱ्यावरही आता न्याहारी व निवासाची घरगुती सोय अनेक गावांत रुजली आहे. पैकी पुष्कळ ठिकाणी घरधनीण अद्याप घरात आहे. म्हणजे हा व्यवहार मौझलच्या पहिल्या अवस्थेशी जुळतो. ओटी, पडवी, माजघर हे शब्द तेथे आजही सामान्यनामे आहेत. किनाऱ्यावरील बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक शब्दापुढे त्या जागी आज कोणते काम चालते व ते कोण करते, हेही नोंदवावयास हवे. पाट्यांवरील नावांचा संग्रह पुढेही करता येईल; ही नोंद मात्र घरात माणसे असेपर्यंतच शक्य आहे.