इटलीतील भरल्या भाज्या : सारण भाजीच्याच गराचे

इटालियन भाषेत ‘रिपिएनो’ म्हणजे भरलेले. जिनोआ शहर आणि त्याभोवतीच्या लिगुरिया किनारपट्टीवर नुसते ‘रिपिएनी’ म्हटले, की झुकिनी, वांगी, कांदे, ढोबळी मिरच्या असे भरून भाजलेले तबक डोळ्यांपुढे येते. आपल्याकडील हॉटेलांत या नावाने मिळणारा पदार्थ बहुधा चीजच्या थराखाली दडपलेला असतो. मूळ पदार्थाचा कणा मात्र चीज नव्हे, शिळा पाव होय. घरात उरलेला पाव, भाजीतून कोरून काढलेला गर आणि थोडे तेल यांतून चार माणसांचे जेवण उभे करण्याची ही रीत. म्हणूनच ती घरी करण्यास सोपी आणि स्वस्तही आहे.

आपल्या भरल्या वांग्यांशी तिचे नाते जवळचे वाटते, पण पद्धत निराळी. आपण वांग्याचा देठ राखून चिरा देतो आणि त्यांत मसाला दाबतो. गर जागचा हलत नाही. तेथे भाजी अर्धी कापून गर काढला जातो व तोच सारणाचा पाया होतो. आपल्या वांग्याला रस्सा शिजवतो, त्यांच्या भाजीला भट्टीची कोरडी आच. त्यामुळे इटालियन पद्धतीत पाणी हा मुख्य शत्रू ठरतो आणि पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा तेथेच.

या तबकातील बऱ्याचशा भाज्या इटलीत परक्या आहेत. वांगे आपल्या बाजूचे. अरबांकरवी ते भूमध्य समुद्राकडे गेले. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीचे पूर्वज कोलंबसानंतर अमेरिकेतून आले. वनस्पतिज्ञ मात्तिओली याने 1544 मध्ये टोमॅटोचे वर्णन केले, तेही वांग्याच्या संगतीने. या भाज्यांना रुळायला वेळ लागला. पेल्लेग्रीनो आर्तुसी याचा प्रसिद्ध पाकग्रंथ 1891 मध्ये फ्लॉरेन्सला निघाला. चाळीस वर्षांपूर्वी तेथील बाजारात वांगी फारशी दिसतही नसत, ती ज्यूंचे अन्न म्हणून हिणवली जात, अशी नोंद त्यात आहे.

प्रांताप्रांतांत सारण बदलते. उत्तरेकडील पिडमाँटमध्ये कांद्याच्या पाकळ्यांत मांसाबरोबर अमारेत्ती नावाची बदामाची बिस्किटे कुस्करून घालतात. तो गोडसर प्रकार आपल्या जिभेला लवकर रुचेल असे नाही. दक्षिणेकडे नेपल्स आणि सिसिलीत पावाचा चुरा, ऑलिव्ह, केपर व अँचोव्ही हे खारे मासे येतात. सिसिलीत मनुका आणि चिलगोजेही. चीज महाग असलेल्या घरांत तेलावर परतलेला पावाचा चुराच चीजची जागा घेई. लिगुरियाला लागून असलेल्या फ्रान्समधील नीस शहरातही हाच पदार्थ ‘फार्सी’ या नावाने नांदतो. नीस 1860 पर्यंत सव्हॉय घराण्याच्या राज्यात होते, हे लक्षात घेतले तर त्याचे नवल वाटत नाही.

घरी प्रथम करावयाचा तो लिगुरियाचा प्रकार. चार जणांसाठी चार मध्यम झुकिनी, तीन लहान वांगी व दोन मोठे कांदे घ्यावेत. मिठाच्या उकळत्या पाण्यात कांदे सोलून पंधरा मिनिटे, वांगी आठ आणि झुकिनी सहा मिनिटे अख्खी उकडावीत. ती पूर्ण शिजता कामा नयेत, नाहीतर कोरताना साल फाटते. नंतर उभी अर्धी कापून, अर्ध्या सेंटिमीटरची भिंत राखून चमच्याने गर काढावा. कांद्याच्या पाकळ्या वाटीसारख्या सुट्या कराव्यात. या वाट्या स्वच्छ फडक्यावर पालथ्या ठेवाव्यात आणि निदान पाव तास तशाच राहू द्याव्यात. घाई करणारे ही पायरी गाळतात व मग तबकात पाणी तरंगते.

गर बारीक चिरून, ऑलिव्ह तेलात लसणाची एक पाकळी टाकून, कढईचा तळ कोरडा दिसेपर्यंत परतावा. सुमारे 80 ग्रॅम शिळा पाव अर्धा कप दुधात भिजवून घट्ट पिळावा. गोव्यातील घरात आदल्या दिवशीचा उंडो यासाठी उत्तम. कापलेला गोडसर ब्रेड मात्र सारण चिकट करतो. गार झालेल्या गरात पाव, दोन अंडी, 60 ग्रॅम किसलेले चीज, किंचित जायफळ, मीठ आणि चमचाभर मरव्याची पाने मिसळावीत. सारण वाटीच्या काठापर्यंतच भरावे, कारण अंड्यामुळे ते फुगते. वर पावाचा चुरा व तेलाचे थेंब टाकून 180 अंश सेल्सिअसला 35 मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या झाकणबंद तव्यावर मंद आचेवर होते, पण वरचा खरपूसपणा मिळत नाही.

यातील मरवा हा गजऱ्यातला आपला मरवाच. लिगुरियाच्या स्वयंपाकात त्याच्याशिवाय चालत नाही. फुलबाजारातील जुडीवर औषधफवारणी झालेली असू शकते, म्हणून खाण्यासाठी तो कुंडीत लावलेला बरा. चीजविषयीही एक गोष्ट शाकाहारी वाचकांनी ध्यानात ठेवावी. अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’ नियमाप्रमाणे वासराच्या जठरातील विकराने विरजवले जाते. ते शाकाहारी नाही. वेष्टनावर हिरवे चिन्ह असलेले कडक चीज घ्यावे. अंडे वर्ज्य असल्यास दोन उकडलेले बटाटे कुस्करून घालावेत. लिगुरियातही सारणात बटाटा घालण्याचा प्रघात आहे, तेव्हा ही तडजोड ठरत नाही.

अंडे आणि चीज दोन्ही टाळायचे तर रोमचे भातभरले टोमॅटो करावेत. उन्हाळ्यात तेथील पाववाल्यांकडेही ते तयार मिळतात. पिकलेल्या पण घट्ट टोमॅटोची टोपी कापून गर काढावा, वाटून घ्यावा; त्यात दर टोमॅटोमागे दीड मोठा चमचा कच्चा तांदूळ, तुळशीच्या जातीचे बेझिल, लसूण, मीठ व तेल घालून तासभर मुरू द्यावे. आखूड, चिकटसर दाण्याचा तांदूळ हवा. आंबेमोहोर चालतो, गोव्याचा उकडा तांदूळ वेळेत शिजत नाही. टोमॅटो तीन चतुर्थांश भरून टोपी ठेवावी आणि मधल्या जागांत बटाट्याच्या फोडी रचाव्यात. 180 अंशांना तासभर भाजल्यावर टोमॅटोचा रस प्यायलेले हे बटाटे, माझ्या मते, टोमॅटोहूनही सरस लागतात.

दोन्ही पदार्थ इटलीत कोमट किंवा गार खातात. भट्टीतून काढताच खाल्ले तर मरवा आणि बेझिल यांचा वास नीट कळत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे. मात्र आपल्याकडील उष्ण, दमट हवेत भाताचे सारण बाहेर फार वेळ ठेवू नये. दोन तासांच्या आत उरलेले फ्रीजमध्ये जावे आणि दुसऱ्या दिवशी पुरते गरम करूनच खावे.