कापडावरील अबकारी जकात (1896–1926)

हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर ब्रिटिश सरकारने बसवलेला साडेतीन टक्के कर. त्याचा सर्वाधिक भार मुंबईवर पडला. गिरगावला लागून असलेल्या ताडदेवात कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी 1856 साली सुरू झाली आणि पुढे परळ-लालबागपर्यंत गिरण्या पसरल्या. त्यांचा माल मँचेस्टरला सलू लागला.

मँचेस्टर ज्या परगण्यात आहे त्या लँकेशायरच्या आग्रहामुळे 1882 साली आयात जकाती जवळजवळ सर्व उठल्या. पुढे रुपया घसरला, विलायतेला सोन्यात द्यायच्या रकमा वाढल्या आणि तिजोरीत तूट आली. म्हणून डिसेंबर 1894 मध्ये परदेशी कापडावर व सुतावर पाच टक्के जकात आली. बरोबरीसाठी इथल्या गिरण्यांच्या 20 नंबरावरील बारीक सुतावरही तेवढीच अबकारी बसली. लँकेशायरचे एवढ्याने समाधान झाले नाही. तिथे मालक आणि कामगार या एका प्रश्नावर एकत्र होते आणि 1895 च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या परगण्यात हिंदी जकात हा प्रचाराचा मोठा विषय झाला. देशभर इतरही प्रश्न होते, पण लँकेशायरने हुजूरपक्षाला भरभरून मते दिली. सॉल्झबरींचे सरकार आले.

नवे भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या कारकिर्दीत फेब्रुवारी 1896 मध्ये कायदा बदलला. परदेशी सूत करमुक्त झाले, परदेशी कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आली आणि इथल्या गिरणीत विणलेल्या सगळ्याच कापडावर तेवढीच अबकारी लागली. हातमाग वगळले होते. अन्याय इथेच उघड होतो: मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड काढत, त्या मालात लँकेशायरची फारशी स्पर्धाच नव्हती, तरी शंभर रुपयांच्या मांजरपाटावर साडेतीन रुपये सरकारात जमा होत. ज्यांच्या अंगावर ते कापड होते, त्यांना त्या निवडणुकीत मत नव्हते. टिळकांनी ‘केसरी’तून विलायती कापडावरील बहिष्काराचा पुरस्कार केला, पुढच्या स्वदेशी चळवळीची ही पूर्वतयारी मानली पाहिजे.

पहिल्या महायुद्धात, 1917 साली, आयात जकात साडेसात टक्के झाली. अबकारी मात्र साडेतीनच राहिली. 1925 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तेव्हा सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. डिसेंबरमध्ये सरकारने अबकारी तहकूब केली, तो भार उतरताच मालकांनी कपात मागे घेतली आणि भोंगे पुन्हा वाजले. 1926 साली कर कायद्याने रद्द झाला.