गाण्याने मंत्र्याला जाब विचारला : मिडनाइट ऑइलची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना वाहवत गेलो होतो ते तुकडे कापलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करू. एक माणूस पाव शतक स्टेजवरून गातो. अणुबॉम्बविरुद्ध, खाण कंपन्यांविरुद्ध, सरकारविरुद्ध. मग तोच माणूस देशाचा पर्यावरणमंत्री होतो. एक दिवस त्याच्या टेबलावर युरेनियमच्या नव्या खाणीची फाइल येते आणि तो मंजुरी देतो. आता सांगा, आधीची सगळी गाणी खोटी ठरली का?

हा माणूस म्हणजे पीटर गॅरेट, आणि त्याचा बँड म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मिडनाइट ऑइल. राजकीय रॉक म्हटलं की आपल्या प्लेलिस्टमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश नावंच आधी येतात. पण गाणं आणि सत्ता यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर मला या सिडनीच्या पोरांची गोष्ट जास्त कामाची वाटते. कारण बाकीचे बहुतेक जण कायम बाहेरून ओरडत राहिले. इथे एक जण आत गेला.

पबमधले दिवस

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत 'फार्म' नावाचा एक बँड होता. ड्रमवर रॉब हर्स्ट, गिटार आणि कीबोर्डवर जिम मोगिनी, बेसवर अँड्र्यू जेम्स. त्यांना गायक हवा होता म्हणून त्यांनी जाहिरात दिली. ती बघून आला कायद्याचा विद्यार्थी पीटर गॅरेट. सहा फुटांपेक्षा बराच उंच. पुढे डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि अंगात वीज शिरल्यासारखा नाच, ही त्याची ओळख झाली. १९७६ मध्ये बँडने नाव बदललं. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, एक उचलली आणि 'मिडनाइट ऑइल' निघालं. दुसरा गिटारवादक मार्टिन रॉट्सी पुढच्या वर्षी आला.

तेव्हा ऑस्ट्रेलियात बँड मोठे व्हायचे ते पबमध्ये. गर्दी, घाम, बिअर आणि कान फुटतील एवढा आवाज. मिडनाइट ऑइल तिथे तयार झाला. पण धंद्याच्या बाबतीत त्यांनी सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून टाकल्या. पहिला अल्बम १९७८ मध्ये काढला तो 'पावडरवर्क्स' या स्वतःच्या लेबलवर. त्या काळी 'काउंटडाउन' नावाचा टीव्ही कार्यक्रम म्हणजे देशभर पोचायचा हमरस्ता होता. हे त्या कार्यक्रमात कधीच गेले नाहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर अल्गोरिदमलाच नकार दिला आणि गावोगाव फिरून सबस्क्रायबर जमवले.

याचा फायदा पुढे कळतो. तुमचा श्रोता तुम्ही स्वतः जमवलेला असेल, तर काय गायचं हे दुसरा कोणी ठरवू शकत नाही.

१९८२ मध्ये त्यांचा चौथा अल्बम आला. नाव होतं '१०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १', म्हणजे रॉकेट सोडण्याआधीची उलटी मोजणी. शीतयुद्ध ऐन भरात होतं. अमेरिकेच्या लष्करी धोरणावर टीका करणारं 'यूएस फोर्सेस' आणि ऑस्ट्रेलियाच्या आत्मसंतुष्टपणावर बोट ठेवणारं 'पॉवर अँड द पॅशन' ही गाणी यातलीच. हा अल्बम ऑस्ट्रेलियाच्या चार्टवर दोन वर्षांहून जास्त टिकला. १९८४ मधल्या 'रेड सेल्स इन द सनसेट'चं कव्हर तर बघाच. अणुहल्ल्यानंतर भाजून निघालेलं सिडनी, आणि ते चित्र केलंय एका जपानी कलाकाराने, त्सुनेहिसा किमुराने. हा अल्बम देशात पहिल्या क्रमांकावर गेला.

पहिली निवडणूक

त्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये, गॅरेट न्यू साउथ वेल्समधून सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला. पक्ष होता न्यूक्लिअर डिसआर्मामेंट पार्टी, म्हणजे अण्वस्त्रांना विरोध करणारा नवा कोरा पक्ष. तिथे मतदान पसंतीक्रमाने होतं, आपल्याकडे राज्यसभेला आमदार करतात तसं. गॅरेटला पहिल्या पसंतीची ९ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. नवख्या उमेदवारासाठी ही मतं कमी नव्हती. पण मोठ्या पक्षांची पुढची पसंती त्याच्याकडे वळली नाही आणि जागा हुकली.

ही हार लक्षात ठेवा. मतं असून चालत नाही, यंत्रणा कशी चालते ते माहीत असावं लागतं, हा धडा त्याला इथे मिळाला असावा असं मला वाटतं. वीस वर्षांनी तो याच धड्यावर चालला.

वाळवंटात ऐकायला गेले

माझ्या मते बँडच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र १९८६ ची आहे. तेव्हा हे लोक वारुम्पी बँडसोबत ऑस्ट्रेलियाच्या आतल्या वाळवंटी भागात, आदिवासी वस्त्यांमध्ये दौऱ्यावर गेले. वारुम्पी बँड पापुन्या या वस्तीतला. १९८३ मध्ये लुरिचा या आदिवासी भाषेत पहिलं रॉक गाणं रेकॉर्डवर आणणारे हेच.

पापुन्याचा इतिहास साधा नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत सरकारने पिंटुपी लोकांना त्यांच्या वाळवंटातून उचलून इथे आणून बसवलं. त्याच पट्ट्यातून क्षेपणास्त्र चाचण्यांचा मार्ग जात होता. नव्या जागी रोगराईने बरेच जण गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंटुपी लोक आपल्या भूमीकडे, किंटोरला परतायला लागले.

शहरातला गोरा बँड तिथे भाषण द्यायला गेला असता तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हे लोक राहिले, बघितलं, ऐकलं. त्यानंतर १९८७ मध्ये आला 'डीझेल अँड डस्ट'. आवाज बदलला होता. पबमधला गोंगाट कमी झाला, गाण्यांत मोकळी जागा आली. 'बेड्स आर बर्निंग' यातलंच. मागणी अगदी सोपी आहे : जमीन ज्यांची आहे त्यांना ती परत करा. विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे गाणं परकं वाटू नये. अमेरिकेत ते टॉप २० मध्ये गेलं, ब्रिटनमध्ये टॉप १० मध्ये.

आता संदर्भ बघा. १९८५ मध्ये उलुरू हा प्रचंड पवित्र खडक सरकारने अनांगू लोकांच्या मालकीचा केला होता, पण लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी परतही घेतला. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर, ताबा आमचा. आणि ब्रिटिश आले तेव्हा ही जमीन कायद्याच्या नजरेत कोणाचीच नव्हती, ही कल्पना देशात अजून शाबूत होती. ती सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली १९९२ मध्ये, माबो खटल्याच्या निकालात. निकाल गाण्यामुळे लागला असं मी अजिबात म्हणणार नाही. तो एडी माबो आणि त्याच्या साथीदारांच्या दहा वर्षांच्या कोर्टातल्या लढाईमुळे लागला. गाण्याने फक्त एवढं केलं की हा विषय लाखो लोकांच्या तोंडी आधीच पोचलेला होता.

रस्त्यावर आणि स्टेडियममध्ये

१९९० मध्ये 'ब्लू स्काय मायनिंग' आला. त्यातलं मुख्य गाणं विटनूम या गावाबद्दल आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातली ही निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली, पण तिथली धूळ फुफ्फुसात घेऊन गेलेले कामगार आणि त्यांच्या घरचे पुढे कित्येक वर्षं मरत राहिले.

त्याच्या आदल्या वर्षी अलास्काजवळ 'एक्झॉन वाल्डेझ' हे जहाज खडकावर आपटलं होतं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं होतं. मे १९९० मध्ये बँडने काय केलं? न्यू यॉर्कमध्ये, मॅनहॅटनला, एक्झॉनच्या इमारतीसमोर उघडा ट्रक उभा केला आणि भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावरून गाणी वाजवली. ऑफिसमधली माणसं रस्त्यावर, ट्रॅफिक ठप्प. शाहीर डफ घेऊन गिरणीच्या दारात उभा राहावा, तसाच प्रकार.

मग २००० साल. सिडनी ऑलिंपिकचा समारोप, जगभरात कोट्यवधी प्रेक्षक. आदिवासींची मुलं घरातून उचलून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवण्याचं धोरण ऑस्ट्रेलियात अनेक दशकं चाललं होतं. १९९७ च्या चौकशी अहवालाने सरकारने माफी मागावी असं सांगितलं होतं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अधिकृत माफी द्यायला नकार दिला होता. ते त्या दिवशी स्टेडियममध्ये बसले होते. मिडनाइट ऑइल स्टेजवर आला तो काळ्या कपड्यांत, आणि कपड्यांवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द : 'सॉरी'. गाणं अर्थातच 'बेड्स आर बर्निंग'.

आणि मग तो आत गेला

डिसेंबर २००२ मध्ये गॅरेटने बँड सोडला. २००४ मध्ये तो लेबर पक्षाच्या तिकिटावर खासदार झाला. या वेळी छोटा पक्ष नाही, थेट सत्तेच्या जवळचा. २००७ मध्ये केविन रड यांचं सरकार आलं आणि गॅरेट पर्यावरण, वारसा आणि कला खात्याचा मंत्री झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये रड यांनी संसदेत माफी मागितली. कपड्यांवरचा शब्द आठ वर्षांनी सरकारच्या तोंडून आला, आणि तेव्हा गॅरेट त्याच सरकारात होता.

इथे गोष्ट संपली असती तर सिनेमा झाला असता. पण एप्रिल २००७ मध्ये लेबर पक्षाने नव्या युरेनियम खाणींवरची जुनी बंदी उठवली होती. पक्षाच्या परिषदेत गॅरेटने त्याला विरोध केला आणि हरला. मंत्री झाल्यावर पक्षाचं धोरण त्याचंही धोरण झालं. जुलै २००९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फोर माइल युरेनियम खाणीला त्याने मंजुरी दिली. चाहते भडकले, विरोधकांना आयता दारूगोळा मिळाला. दोघांनीही त्याच्यावर काय फेकलं? त्याचीच गाणी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी त्याने क्वीन्सलंडमधलं ट्रॅव्हेस्टन धरण नाकारलं. ऑस्ट्रेलियाने जपानच्या व्हेल शिकारीविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला तो २०१० मध्ये, त्याच्याच कार्यकाळात, आणि २०१४ मध्ये तो जिंकला. पण त्याच्याच खात्याखाली घरांच्या छतांना इन्सुलेशन बसवण्याची सरकारी योजना घाईघाईत राबवली गेली आणि त्यात चार तरुण कामगारांचा जीव गेला. योजना फेब्रुवारी २०१० मध्ये बंद झाली, गॅरेटचं पद घसरलं. गाणं चुकलं तर एक अल्बम पडतो. योजना चुकली तर माणसं मरतात. पुढे तो शालेय शिक्षणमंत्री झाला आणि २०१३ मध्ये राजकारणातून बाहेर पडला.

शेवटचा फेरा

२०१७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला आणि जगभर फिरला. २०२० मध्ये आदिवासी कलाकारांना सोबत घेऊन 'द माकाराटा प्रोजेक्ट' केला. त्याच नोव्हेंबरमध्ये १९८७ पासूनचा बेसवादक बोन्स हिलमन गेला. २०२२ मध्ये 'रेझिस्ट' आला, आणि ३ ऑक्टोबरला सिडनीत शेवटच्या दौऱ्याची शेवटची मैफल झाली. पुढच्याच वर्षी आदिवासींना संसदेपुढे अधिकृत आवाज देण्यासाठी सार्वमत झालं. सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. ज्या देशाने 'बेड्स आर बर्निंग' पाठ केलं, त्याच देशाने.

मग पहिल्या प्रश्नाकडे येतो. गाणी खोटी ठरली का?

मला वाटतं, उलट झालं. गाणं एकदा बाहेर पडलं की त्यावर गाणाऱ्याचा ताबा राहत नाही. आमच्या धंद्यात कोड ओपन सोर्स केला की लिहिणाऱ्यालाही तो मागे घेता येत नाही, तसंच. गॅरेट मंत्री झाला, पण गाणी मंत्री झाली नाहीत. ती लोकांकडेच राहिली, आणि त्याने सही केली तेव्हा लोकांनी त्याला तीच गाणी दाखवून जाब विचारला. साध्या राजकारण्याला एवढी नेमकी फूटपट्टी लावता येत नाही. गॅरेटने ती स्वतः बनवून लोकांच्या हातात ठेवली होती.

म्हणून कुठला कलाकार निवडणुकीला उभा राहिला की 'विकला गेला' हा शिक्का मारायची घाई नको. तो आत जाऊन काय करतो ते मोजा, आणि त्याच्याच शब्दांनी मोजा. आणि गाण्याकडून निकालाची अपेक्षा ठेवू नका. कायदा कोर्टात आणि संसदेत बदलतो, सार्वमत हरताही येतं. गाणं प्रश्न विसरू देत नाही, तेवढंच त्याचं काम.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर या क्रमाने ऐका : 'पॉवर अँड द पॅशन', मग 'बेड्स आर बर्निंग', मग 'ब्लू स्काय माइन' आणि शेवटी २०२० चं 'गॅडिगल लँड'. हेडफोन लावा, पण आवाज जरा बेताने. हे लोक पबमधले आहेत.

तुमचं मत काय? गॅरेटने फाइलवर सही करायला हवी होती की राजीनामा द्यायला हवा होता? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!