जातं घरातच राहील
(जप्तीपासून मुक्त मालमत्तेच्या अभ्यासाची प्रस्तावना)

कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहिला की घरातल्या माणसांच्या मनात एकच प्रश्न येतो: आता काय काय नेणार? हे अभ्यासक्षेत्र त्याच्या उलट बाजूने सुरू होते. काय नेता येत नाही? पैशाच्या दाव्यात हुकूमनामा झाला, धनकोने अंमलबजावणीची दरखास्त घातली, तरी ऋणकोच्या काही वस्तूंना कायदा हात लावू देत नाही. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या वाचकांना या विषयाची ओळख व्हावी, म्हणून ही प्रस्तावना.

विचार फार जुना आहे. बायबलच्या जुन्या करारात जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे; कारण जाते गेले की घराचे जगणेच गहाण पडते. आपल्या धर्मशास्त्राने दामदुपटाचा नियम घालून व्याजाला मुद्दलाची मर्यादा घातली. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने, खास गहाण टाकलेली नसेल तर, शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यापोटी विकायला बंदी केली. या सगळ्यांमागची समज एकच: देणे फेडायचे तर देणेकरी आधी कमावता राहिला पाहिजे.

आज हीच समज दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये आहे. जप्तीतून सुटणाऱ्या मुख्य गोष्टी अशा: ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण; धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने; कारागिराची हत्यारे; शेतकऱ्याची अवजारे आणि कोर्टाच्या मते त्याच्या उपजीविकेला लागणारी गुरे व बियाणे; शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहतो ते त्याच्या मालकीचे घर; मजुराची मजुरी; भविष्य निर्वाह निधी; आयुर्विम्याची रक्कम. पगाराचे गणितही ठरलेले आहे. पोटगीचा हुकूमनामा सोडला तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. म्हणजे जप्तीच्या हिशेबात धरला जाणारा पगार २५,००० असेल, तर १७,००० घरात येतात आणि जास्तीत जास्त ८,००० कापले जातात. तीही कपात एका हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिनेच चालते. कलम ६२ प्रमाणे जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही.

गोव्यात हा विषय आणखी खोल जातो. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आलेल्या नव्या काबिजादींपैकी हे दोन तालुके. १९६१ च्या मुक्तीनंतरही काही वर्षे इथली कोर्टे पोर्तुगीज प्रक्रियेनेच चालत. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता १५ जून १९६६ पासून लागू झाली. कुटुंबाचा कायदा मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेलाच राहिला. लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणून जप्तीची प्रक्रिया दिल्लीच्या कायद्याची आणि जप्त होणाऱ्या वस्तूची मालकी लिस्बनच्या कायद्याची, असा जोड इथे पडतो. नवऱ्याने एकट्याने घेतलेले कर्ज संसाराच्या उपयोगी आले का, हा प्रश्न त्यामुळे इथे फार वजनाचा ठरतो.

कलमातला प्रत्येक शब्द गावात येऊन तपासावा लागतो. डिचोलीच्या कुंभाराचे चाक हत्यार आहे, हे चटकन पटते. मग मोरजीच्या रांपणकाराची होडी आणि जाळे? पेडण्याच्या दशावतारी नटाचा मुकुट आणि पेटी? मांद्र्यात भात पिकवणारा माणूस दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देऊ लागला, तर तो कलमाच्या अर्थाने शेतकरी राहतो का? काजूच्या हंगामापुरती लागणारी भट्टीची भांडी कोणत्या खणात बसवायची? अशा प्रश्नांना पुस्तकी उत्तर पुरत नाही. माणसाचे पोट प्रत्यक्षात कशावर चालते, ते पुराव्याने दाखवावे लागते.

या संरक्षणाला हद्दही आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतल्या खनिज वाहणाऱ्या ट्रकमालकांसमोर हप्त्यांचा डोंगर उभा राहिला. बँकेकडे तारण ठेवलेला ट्रक आणि साध्या उसनवारीच्या हुकूमनाम्यात सापडलेली शिलाई मशीन यांना एकच नियम लागत नाही. आपण स्वतः तारण लिहून दिलेल्या वस्तूचा विचार वेगळ्या वाटेने करावा लागतो. ही रेघ स्पष्ट ठेवल्याशिवाय लोकांना खोटी आशा दाखवल्याचे पाप लागेल.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने, वकिलाने, पंचायत सदस्याने किंवा बचत गटाच्या ताईने दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. पहिली: कलमाने दिलेली सूट सोडून देतो, असा करार कर्जाच्या कागदावर सही करून दिला असला तरी तो रद्दबातल आहे. दुसरी: ही सूट मागावी लागते. अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टापुढे वेळेत हरकत घेतली नाही, तर वाचू शकणारी वस्तूही लिलावात जाते. धनकोचा पैसा खरा असतो आणि तो त्याला मिळालाच पाहिजे; ही शाखा देणे बुडवायला शिकवत नाही. तिचे म्हणणे एवढेच की वसुली झाल्यावरही त्या घरात उद्या चूल पेटावी आणि परवा काम सुरू व्हावे.

वाचकहो, आरंभ स्वतःच्या घरापासून करा. कलम ६० समोर ठेवा आणि आपल्या घरातल्या कोणत्या वस्तूवर आपले पोट चालते, ती यादी कागदावर उतरवा. जात्याची आजची रूपे तिथेच सापडतील.